आधी वही, मग वायर: फिरत्या घराची वीज नव्याने मांडताना

इंडक्शनवर पिठल्याचं पातेलं ठेवलं आणि चार-पाच मिनिटांत पलंगाखालून जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला. गाडी गुहागरच्या किनाऱ्याजवळ उभी होती आणि धाकटी मुलगी त्याच पलंगावर झोपली होती. तिला उचलून बाहेर नेलं, कप्पा उघडला, तर इन्व्हर्टरच्या मायनस बाजूचा लग काळा पडलेला आणि त्याच्या शेजारचं केबलचं आवरण मऊ होऊन ओघळलेलं. त्या केबलवर फ्यूज नव्हता. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत कुठेच नव्हता.

गाडी फोर्स ट्रॅव्हलर, सेकंडहँड घेऊन एका वर्कशॉपमध्ये घरासारखी करून घेतलेली. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, १५०० वॉटचा इन्व्हर्टर, आणि डायनामोवरून ओढलेली एक वायर, एवढीच तिची वीजव्यवस्था. त्या प्रसंगानंतर मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला: लिथियम टाका. तो मी तसाच ऐकला असता, तर आधीपेक्षा जास्त धोकादायक गाडी घेऊन फिरलो असतो. लिथियम बॅटरी त्याच कमकुवत केबलला न दमता, एकसारखा करंट देत राहिली असती. फिरत्या घराची वीज वाढवायची तर बॅटरी सगळ्यात शेवटी विकत घ्यायची, हे मी आता ठामपणे सांगतो. त्याआधीची कामं कोणती, ती त्याच क्रमाने सांगतो.

पहिलं काम वहीत करायचं. गाडीतलं प्रत्येक उपकरण किती वॉटचं आहे आणि दिवसाला किती तास चालतं हे आठवडाभर लिहून काढा. अंदाज नको, मोजमाप हवं. त्यासाठी क्लॅम्प मीटर घ्या, पण घेताना तो डीसी करंट मोजतो याची खात्री करा. बाजारातले स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या केबलवर शून्य दाखवतात.

आमच्या चौघांची वही अशी निघाली. ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज साधारण निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ५०० वॉट-अवर. २८ वॉटचा बीएलडीसी पंखा रात्रभर, २५०. दिवे १२०, पाण्याचा पंप ३०, लॅपटॉप १८०, फोन आणि राउटर ८०, मिक्सर ५०. बेरीज १,२१०. यात १,२०० वॉटवर अर्धा तास इंडक्शन धरलं की आणखी ६००. इन्व्हर्टर स्वतःसाठी दहा-पंधरा टक्के खातो, तेही धरलं की आकडा १,९०० च्या वर जातो. इंडक्शनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: आच कमी केली तरी बऱ्याचशा शेगड्या खरा लोड कमी करत नाहीत, पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतात. त्यामुळे सरासरी वापर कमी झाला तरी केबलवरचा सर्वोच्च करंट तोच राहतो.

वहीत एसी लिहिण्याचा मोह आधीच आवरावा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभर चालवायचा तर चार-पाच हजार वॉट-अवर लागतात, म्हणजे बाकी सगळ्या संसाराच्या दुप्पट-तिप्पट. ज्यांना तो हवाच आहे त्यांनी बाहेरून वीज मिळेल अशा जागीच मुक्काम करावा.

आता व्होल्टेज. ट्रॅव्हलरसारख्या गाड्या १२ व्होल्टच्या असतात, मोठ्या बस २४ व्होल्टच्या. करंट म्हणजे वॉट भागिले व्होल्ट, त्यामुळे २४ वर त्याच कामाला निम्मा करंट पुरतो आणि केबल बारीक चालते. इन्व्हर्टर २,००० वॉटच्या आत असेल तर १२ वर राहावं. बस असेल आणि लोड मोठा असेल तर घराची बॅटरीही २४ ची करावी, आणि दिवे-पंपासाठी २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावावा. गॅरेजमध्ये सर्रास दिसणारी एक सवय मात्र सोडून द्या: बसच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्टची वायर काढायची, टेपसाठी, पंख्यासाठी. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षा-दोन वर्षांत दोन्ही जातात.

यानंतर केबल. इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण आग इथून लागते.

तांब्याच्या केबलमध्ये किती व्होल्ट वाया जातील हे काढायला एक सोपा हिशेब आहे. ०.०१७५ गुणिले केबलची जाऊन-येऊन एकूण लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, आणि त्याला भागिले केबलचे चौरस मिलिमीटर. आमच्या गाडीत १,२०० वॉटचं इंडक्शन चालताना बॅटरीकडून ११८ अँपिअर येत होते. केबल १६ स्क्वेअर एमएमची, जाऊन-येऊन चार मीटर. हिशेब केला तर अर्धा व्होल्ट केबलमध्येच जातो, आणि साठेक वॉट उष्णता पलंगाखालच्या बंद कप्प्यात साठत राहते. त्यात लग हातोडीने ठोकून बसवलेला. सैल जोडाचा विरोध केबलपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त ताप तिथेच होतो. हीच केबल ७० स्क्वेअर एमएमची केली की तोटा ०.१२ व्होल्टवर येतो आणि उष्णता १४ वॉटवर.

१,५०० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर १२ व्होल्टच्या बॅटरीकडून १४५ ते १५० अँपिअर ओढतो. मी त्याला ७० ची लवचीक तांब्याची केबल वापरली, आणि इन्व्हर्टर बॅटरीला खेटून, दोन हातांच्या अंतरात हलवला. लग टिनचा मुलामा दिलेले तांब्याचे, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले, वर हीट श्रिंक. प्रत्येक लग दाबल्यावर हाताने जोर लावून ओढून बघा. नुसती झाळ मारून लग बसवू नका. तापला की कथील मऊ होतं, आणि गाडीच्या हादऱ्यांनी झाळ संपते तिथेच तारा तुटायला लागतात. पत्र्यातून केबल जिथे आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. कुंभार्ली घाट दहा वेळा चढला-उतरला की पत्र्याची धार कुठलंही आवरण कापते.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं, म्हणून तो जितका लहान तितका बरा. फ्यूजची निवड दोन मर्यादांमध्ये बसवायची: नेहमीच्या लोडच्या सव्वापट, आणि केबलच्या क्षमतेच्या आत. आमच्याकडे तो २०० अँपिअरचा आला. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजारो अँपिअर बाहेर फेकते, आणि साधा फ्यूज वितळूनही त्यातली ठिणगी चालूच राहू शकते. एवढा करंट तोडू शकणारा, डीसीसाठी प्रमाणित केलेला क्लास टी फ्यूज मुख्य केबलवर लावा. घराच्या बोर्डातले एमसीबी डीसीवर लावू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तिथली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. सोलरसाठीचे डीसी एमसीबी मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच प्रकारांना प्लस-मायनसची ठरलेली बाजू असते, ती उलटी करू नये.

फ्यूजनंतर हाताने फिरवायचा कटऑफ स्विच, मग प्लसची आणि मायनसची स्वतंत्र बसबार. बॅटरीच्या टर्मिनलवर सहा लगांचा ढीग रचायचा नाही. प्रत्येक छोट्या सर्किटला आपापला ब्लेड फ्यूज: दिवे, पंप, फ्रिज, यूएसबी. मायनस बसबार चेसिसला एकाच ठिकाणी, रंग खरवडून, जोडावी.

एवढं झालं की बॅटरीकडे वळा.

ट्युब्युलर बॅटरी वाईट नाही. घरात, कोपऱ्यात, महिन्यातून दोन-चारदा लागणाऱ्या कामाला ती चांगलीच आहे. पण फिरत्या घरात तिचे तीन स्वभाव आड येतात. एक, तिच्यावर १५० लिहिलेलं असलं तरी ते २० तासांत सावकाश काढण्याचं माप आहे. शंभराच्या वर अँपिअर ओढले की व्होल्टेज कोसळतं आणि बॅटरीत शिल्लक असूनही इन्व्हर्टर बीप करून बंद पडतो. दोन, ती निम्म्याच्या खाली वरचेवर उतरवली की आयुष्य घटतं. तीन, आणि हे फारसं कोणी सांगत नाही, तिचा शेवटचा वीस टक्के चार्ज भरायला कित्येक तास जातात. तोवर ऊन उतरलेलं असतं किंवा प्रवास संपलेला असतो, त्यामुळे ती कधी पूर्ण भरतच नाही आणि प्लेटांवर सल्फेट धरतं. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. ज्या पलंगावर माणूस झोपतो त्याच्या खाली, हवा खेळत नाही अशा कप्प्यात ती ठेवणं चूक आहे.

लिथियममध्ये अनेक प्रकार आहेत. गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या, बाजारात त्याला एलएफपी म्हणतात. एका सेलचे ३.२ व्होल्ट, चार सेल मिळून १२.८. आम्ही १०० अँपिअर-अवरच्या दोन समांतर जोडल्या: २,५६० वॉट-अवर, त्यातले ८० टक्के म्हणजे दोन हजारांच्या जरा वर. वहीतला एक दिवस त्यात बसतो. जुनी बॅटरी साठ किलोच्या आसपास होती, या दोन्ही मिळून त्याच्या निम्म्याहून कमी भरतात.

घेताना विचारायचे प्रश्न: बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं तिला जपणारं सर्किट, सतत किती अँपिअर देऊ शकतो? आमच्या दोन्हींचे १००-१००, म्हणजे इन्व्हर्टरचे १५० आरामात निघतात. एकच बॅटरी असती तर इंडक्शन लावताच बीएमएसने वीज तोडली असती. शून्य अंशाखाली चार्जिंग आपोआप थांबतं का? लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी हे विचारायलाच हवं, कारण गोठणबिंदूखाली चार्ज केलं तर सेलमध्ये धातुरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. बीएमएस आहे म्हणून फ्यूज नको, असं दुकानदार म्हणाला तर दुकान बदला. जुन्या रिक्षांतून किंवा गाड्यांतून काढलेल्या सेलचे स्वस्त पॅक घरच्या माणसांच्या पलंगाखाली ठेवू नका.

दोन बॅटऱ्या समांतर जोडण्याआधी प्रत्येक वेगळी पूर्ण चार्ज करा. जोडल्यावर प्लस एकीवरून आणि मायनस दुसरीवरून घ्या, म्हणजे दोघी सारखं काम करतात. जुन्या ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरीला समांतर जोडू नका. बॅटऱ्या पट्ट्याने नव्हे, लोखंडी ब्रॅकेटने फ्लोअरला आवळा. इंजिनाच्या भिंतीला लावून ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत आधीच पुरेसा ताप असतो.

जोडणी करताना अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर रिकामे असल्याने पहिल्यांदा जोडताना मोठी ठिणगी उडते. पंचवीस-तीस ओहमच्या रेझिस्टरमधून काही सेकंद आधी चार्ज दिला तर ती टळते.

बॅटरी भरायच्या तीन वाटा आहेत: डायनामो, ऊन आणि बाहेरची वीज.

डायनामोची जुनी वायर काढून टाका. रिकामी लिथियम बॅटरी सरळ जोडली तर डायनामो देईल तेवढं ओढत राहते, आणि ट्रॅफिकमध्ये आरपीएम कमी, पंख्याची हवा कमी, करंट मात्र पूर्ण, अशा अवस्थेत डायनामो तापून जळतो. बीएस-६ गाड्यांत तर बऱ्याचदा संगणकच डायनामोचं व्होल्टेज खालीवर करतो, त्यामुळे कधी बॅटरी भरते, कधी भरतच नाही. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लावा. आमचा ३० अँपिअरचा आहे. तीन तासांच्या प्रवासात साधारण १,२०० वॉट-अवर देतो. त्याच्या वायरच्या दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. पुढे असलेल्या इंजिनाच्या बॅटरीपासून पाच मीटर अंतराला १६ ची केबल पुरली. इंजिन बंद झालं की चार्जरही बंद होईल असं जोडा, नाहीतर सकाळी सेल्फ लागणार नाही.

छतावर आम्ही २०० वॉटची दोन पॅनेल बसवली. स्वच्छ उन्हाच्या दिवशी साडेचार तासांचं पूर्ण ऊन धरा, आडवं बसवल्याचा, धुळीचा आणि तापण्याचा पाव भाग वजा करा, १,३५० वॉट-अवर मिळतात. पॅनेल पत्र्याला चिकटवू नका, खाली दोन-तीन बोटं हवा खेळू द्या. जुलैत आंबोलीला याच पॅनेलांनी तिसरा हिस्साही दिला नाही. पावसाळी सहलीत आम्ही सोलर हिशेबातच धरत नाही, स्वयंपाक गॅसवर करतो.

घराच्या छतावरची मोठी ५४० वॉटची पॅनेल वापरणार असाल तर एक सापळा आहे. अशा पॅनेलचं लोड नसतानाचं व्होल्टेज ४९-५० असतं. दोन सिरीजमध्ये जोडली की शंभराच्या काठावर येतं, आणि थंडीत व्होल्टेज वाढतं. पुण्यात चाललेला १०० व्होल्टचा एमपीपीटी सोलर कंट्रोलर उणे पाच अंशांच्या सकाळी १०७ च्या आसपास व्होल्ट खाऊन कायमचा जाईल. एक तर समांतर जोडा, नाहीतर १५० चा कंट्रोलर घ्या.

चार्जरच्या सेटिंग तपासल्याशिवाय काहीही चालू करू नका. कमाल १४.२ ते १४.४, फ्लोट १३.५ च्या आसपास, इक्वलायझेशन बंद, तापमानानुसार व्होल्टेज बदलणं बंद. बॅटरीच्या पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच पाळा. घरगुती इन्व्हर्टरमधला चार्जर ट्युब्युलरसाठी बनलेला असतो. लिथियमचा पर्याय त्यात नसेल तर तो चार्जर वापरू नका.

२३० व्होल्टचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण काय मागायचं ते तुम्हाला माहीत हवं. बाहेरची वीज आणि इन्व्हर्टर कधीही एकत्र येणार नाहीत असा दोन पोलचा चेंजओव्हर. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. आणि इन्व्हर्टरवर चालताना न्यूट्रल गाडीच्या बॉडीशी जोडलेला, बाहेरच्या विजेवर मात्र तो जोड सुटलेला. हा जोड नसेल तर इन्व्हर्टरवर आरसीसीबी नुसता शोभेचा राहतो, आणि बाहेरच्या विजेवर तो तसाच राहिला तर आरसीसीबी विनाकारण पडतो. चांगले इन्व्हर्टर-चार्जर हे आपोआप करतात. ढाब्यावर किंवा रिसॉर्टवर प्लग लावण्याआधी सॉकेट मीटरने तपासा: फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. अर्थ नसेल तर प्लग लावू नका. पत्र्याची गाडी रबरी टायरवर उभी असते. लीकेज झालं तर ओल्या जमिनीवर उभं राहून दाराला हात लावणाऱ्याच्या अंगातून करंट जातो.

लिथियमचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात १३.२ च्या आसपास सपाट राहतं, त्यावरून किती शिल्लक आहे ते कळत नाही. मायनसवरच्या शंटमधून येणारा-जाणारा करंट मोजणारा बॅटरी मॉनिटर लावा. आमच्या संपूर्ण कामात सर्वांत उपयोगी ठरलेली वस्तू हीच.

सगळं जोडून झालं की पूर्ण लोडवर पंधरा मिनिटं चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक जोड बघा. शेजारच्यापेक्षा वीस अंश जास्त तापलेला लग म्हणजे सैल जोड. तो तसाच ठेवून झोपू नका. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पुढे दर पावसाळ्याआधी.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना लागू होतं, आणि फिरत्या घरांसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आरटीओत आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा, आणि वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा गाडीतच ठेवा. अडचणीत भेटलेला अनोळखी इलेक्ट्रिशियन त्यावरूनच काम करू शकेल.

अग्निशामक दाराजवळ टांगा, बॅटरीजवळ नको. आणि कटऑफ स्विच कुठे आहे, कुठल्या बाजूला फिरवायचा, हे गाडीत झोपणाऱ्या प्रत्येकाला दाखवा, त्याच्याकडून एकदा अंधारात करून घ्या. आमची धाकटी आता आठ वर्षांची आहे. तिला तो डोळे मिटून सापडतो.